स्टेशनवरची गस्त

वेरिबी, मेलबर्न
२४ मे २००९

ती. दादास,
सुनेत्राचा सा. न. वि. वि.

फोनवर घाईत नीट बोलले नाही, आणि ईमेल तू उघडत नाहीस. सरकार तुझ्या मेल वाचतं असं त्या रविवारच्या मंडळींनी तुझ्या डोक्यात भरवल्यापासून आपलं घर पुन्हा पोस्टाच्या तिकिटांवर आलंय. आमचे मुरलीधर म्हणतात, अमेरिकेच्या सरकारला वहिनीच्या मेतकुटाच्या कृतीत काय एवढा रस? असो.

आपल्या नचिकेतला मारलं. आता बरा आहे, म्हणून शांतपणे लिहू शकतेय. रेस्टॉरंटमधली शिफ्ट आटपून ट्रेनने आला, तर स्टेशनबाहेरच्या कार पार्कमध्ये चार-पाच पोरांनी घेरलं. फोन मागितला, त्याने दिला. तरी मारलं. दोन दात गेले, ओठाला टाके आहेत, जबडा सुजलाय. मारताना सारखं ‘करी, करी’ म्हणत होते, असं तो सांगतो; इथे आपल्या लोकांना तसं हिणवतात. पोलीस आले, सभ्यपणे सगळं लिहून घेतलं. जाताना एकाने सल्ला दिला की ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, लॅपटॉप दिसेल असा नेऊ नका. नचिकेत हसायला गेला आणि टाके ओढले गेले. त्यानंतर तो हसलेलाच नाही.

आईला बाथरूममध्ये घसरला असं सांगितलंय. तूही तेच सांग. बी.कॉम. होऊन कांदे चिरायला शिकायला समुद्रापार कशाला जायचं, हे ती आधीपासून म्हणतेय. तिला आणखी निमित्त नको.

वहिनीला नमस्कार. रुचा मामाला ‘हाय’ म्हणतेय. मराठीत म्हण म्हटलं तर पळून गेली. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सुनेत्रा


मिशिगन
७ जून २००९

चि. नचिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. रागाने. तू फोन दिलास आणि तरी त्यांनी मारलं, हे नीट लक्षात ठेव. मुकाट्याने देऊन टाकणारा माणूस वाचतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं. ते खोटं आहे.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी चोर शिरले तेव्हा पद्मा एकटी होती. कपडे धुण्याच्या खोलीत आतून कडी लावून तिने पोलिसांना फोन केला. पोलीस आले ते सगळं आटपल्यावर. त्यांच्या आधी शेजारचा डेल बंदूक घेऊन धावत आला. तिचा आवाज परत यायला आठवडा लागला. त्यानंतर मी बंदूक घेतली, आणि डेलच्या रविवारच्या गटात जायला लागलो. मिलिशिया, म्हणजे नागरिकांचं हत्यारबंद पथक, म्हटलं की तुम्हाला माथेफिरू आठवतात. आमच्यात एक सुतार आहे, एक निवृत्त मास्तर आहे, एक दातांचा डॉक्टर आहे. शेतात कवायत करतो, नेमबाजी करतो, वादळात कोणाचं झाड पडलं तर जाऊन तोडतो. हत्यार बाळगण्याचा हक्क इथल्या घटनेत लिहिलेला आहे, आणि तो कोणी उपकार म्हणून दिलेला नाही.

तुमच्याकडे तो हक्क नाही, पण माणसं तर आहेत. मार खाल्लेली आणखी पोरं असतील. एकत्र या. एकटा माणूस सावज असतो. रोज औषध घे.

तुझ्या भल्याचाच विचार करणारा,
दादा


वेरिबी
२२ जून २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग नंदूला वाचून दाखवलं. नंदू नाशिकचा, माझ्याच कॉलेजात आहे. त्याने ते आमच्या विश्रामला हिंदीत सांगितलं. विश्राम म्हणाला, भाई के भाई ने सही बोला है. विश्राम इंदूरचा आहे, टॅक्सी चालवतो, त्याच्या रूममेटला आमच्याच लाइनवर मारलं होतं.

आता आम्ही संध्याकाळी स्टेशनवर उभे राहतो. आठ-दहा जण असतो. ट्रेन आली की उतरणाऱ्या मुलांना विचारतो, कुठे राहतोस, आणि घरापर्यंत सोडून येतो. काल एका श्रीलंकन नर्सला सोडलं. तिने दारात उभं करून चहा दिला आणि तिच्या आईशी फोनवर बोलायला लावलं. त्या म्हाताऱ्या बाईने मला आशीर्वाद दिला असावा, भाषा कळली नाही.

दादा, त्या कार पार्कमधून जाताना माझे पाय जड व्हायचे. आता होत नाहीत. ताईला हे आवडत नाही, पण ती रोज डबा भरून देते, आणि तो आता दहा जणांना पुरेल एवढा असतो.

वहिनीला नमस्कार. तुझा आशीर्वाद असाच पाठीशी असावा.

तुझा,
नचिकेत


वेरिबी
६ जुलै २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावून लिहितेय, समजून घे. पोरांनी एकमेकांना घरी सोडणं मला पटतं. पण परवा नचिकेतच्या बॅगेत क्रिकेटचा स्टम्प मिळाला. विचारलं तर म्हणाला, विश्रामने सगळ्यांना दिलेत, नुसते धाक म्हणून. मी म्हटलं, इथे धाक म्हणून बाळगलेलं हत्यारसुद्धा गुन्हा असतं. तर मला म्हणाला, दादाला विचार.

म्हणून तुला विचारतेय. हे तू त्याच्या डोक्यात घातलंस का?

पलीकडचा केन म्हातारा तुला आठवत असेल, मागे फोनवर त्याच्याशी बोलला होतास. त्याच्याकडे वडिलांची रायफल होती. शहाण्णव साली इथे मोठं हत्याकांड झालं, मग कायदा आला आणि लोकांनी बंदुका सरकारजमा केल्या. केननेही दिली. यंत्रात घालून डोळ्यांसमोर मोडली, तेव्हा आपण रडलो, असं सांगतो. नचिकेतने त्याला विचारलं की स्वतःच्या रक्षणासाठी परवाना मिळतो का. केन म्हणाला, त्या कारणासाठी इथे मिळत नाही, आणि न मिळणं बरं. ज्याला भीती वाटते त्याच्या हातात बंदूक दिली की भीती जात नाही, ती बंदुकीत जाऊन बसते. नचिकेतला ते पटलं नाही. त्याचे दोन दात गेलेत, केनचे सगळे शाबूत आहेत, असं तो मला नंतर म्हणाला.

हा तुझ्या-माझ्या मतांचा खेळ नाही, दादा. तो तेवीस वर्षांचा आहे आणि तू म्हणशील ते करतो.

भांडले तरी तुझीच,
सुनेत्रा


मिशिगन
१८ जुलै २००९

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

केनला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की पद्माने कडी लावून घेतली तेव्हा तिच्या मदतीला कायदा आला नाही, डेल आला.

स्टम्पबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पण रिकाम्या हातांनी पहारा द्यावा असंही मी म्हणणार नाही. पद्मा तुझ्या बाजूची आहे, हे प्रामाणिकपणे कळवतो. ती बंदूक असलेल्या खोलीत झोपत नाही. आमच्याकडे यावरून अबोला आहे.

पोराला आयुष्यात पहिल्यांदा पाठीचा कणा सापडलाय. तो मोडू नकोस. रुचाला पापा.

तुझा,
दादा


वेरिबी
२ ऑगस्ट २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे ताईला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतोय.

गुरुवारी संध्याकाळी एक मुलगा रडत प्लॅटफॉर्मवर आला. नवीन आहे इथे, हैदराबादचा. बाहेर कोणीतरी ढकलून त्याची बॅग ओढून नेली होती. कोण, विचारलं तर म्हणाला, हुडी घातलेला गोरा मुलगा. तेवढ्यात पायऱ्यांवरून हुडी घातलेला एक मुलगा जोरात पळत आला. विश्राम ओरडला, पकडो. मी सगळ्यांत पुढे होतो. मी त्याचे दोन्ही हात मागून धरले.

तो काहीतरी सांगत होता. मला ऐकू येत होतं, दादा. ट्रेन, ट्रेन म्हणत होता. प्लॅटफॉर्मवर ट्रेन उभी होती. मला वाटलं, पळून जायचंय म्हणून म्हणतोय. हैदराबादचा मुलगा मागून म्हणाला, ये नहीं है. तोवर विश्रामने स्टम्प मारला होता. डोळ्यावर लागला. मी हात सोडले तसा तो गुडघ्यांवर बसला आणि ट्रेन निघून गेली.

सगळे पळाले. मीही पळालो. पेपरात आलंय, सतरा वर्षांचा आहे, नाव डॅनियल, डोळा वाचणं कठीण आहे. पोलीस माहिती मागताहेत. कॅमेऱ्यात आमचे चेहरे नीट आलेले नाहीत, असं नंदू म्हणतो. सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलंय.

मी त्याचे हात धरले नसते तर त्याने डोळ्यांवर हात घेतले असते. माणूस आधी तेच करतो. मीही कार पार्कमध्ये तेच केलं होतं.

काय करू ते लिही.

नचिकेत


मिशिगन
१२ ऑगस्ट २००९

चि. नचिकेत यास,
आशीर्वाद.

काहीही करू नकोस. कोणाशी बोलू नकोस. पोलीस दारात आले तर वकिलाशिवाय तोंड उघडायचं नाही. तू मारलेलं नाहीस. अंधार होता, गोंधळ होता, समोरचा पळत होता. तुझा व्हिसा, तुझं शिक्षण, आईची तब्येत, सगळं यावर आहे. हे पत्र वाचून फाडून टाक.

त्या मुलाचं वाईट वाटतं. पण तुम्हाला तिथे उभं कोणी केलं? ज्यांनी तुला मारलं त्यांनी, आणि ज्यांनी त्यांना पकडलं नाही त्यांनी. हे विसरू नकोस.

दादा


वेरिबी
३० ऑगस्ट २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. नचिकेतने फाडलं नाही, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. उशीर झाला होता. आदल्याच दिवशी तो पोलीस स्टेशनात जाऊन आला.

त्या गुरुवारी तो आला तेव्हा जॅकेटच्या बाहीवर रक्त होतं. मी आधी त्याचे हात, तोंड, डोकं चाचपलं. रक्त त्याचं नाही हे कळल्यावर मला हायसं वाटलं. मग मी जॅकेट मशिनमध्ये टाकलं आणि एक शब्द विचारला नाही. त्याने पुढे स्वतःहून सांगितलं, तेव्हा मीही त्याला गप्पच राहा म्हणणार होते. मुरलीधर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आपण गाडी काढू का, की तुला चालत जायचंय? नचिकेत म्हणाला, चालत. मी खिडकीत उभी राहून तो वळेपर्यंत बघत होते.

त्याने स्वतःचं नाव सांगितलं. मग त्यांनी बाकीच्यांची विचारली, तीही सांगितली. विश्रामला पकडलं. नंदूने दारात येऊन नचिकेतला गद्दार म्हटलं. ज्या मुलांना हा घरी सोडायचा ती आता रस्ता बदलतात. दुकानात एका बाईने माझ्याशी बोलणं टाकलं. आपल्याच मुलांना आत टाकलं, म्हणाली.

मला कोणाचा राग येतोय ते कळत नाही. तुझा येतो, मग वहिनी कडी लावून बसलेली डोळ्यांसमोर येते.

आईला सांगावं लागेल. ते तू कर. तेवढं तरी तू कर.

सुनेत्रा


मिशिगन
१४ फेब्रुवारी २०१०

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

विश्रामला तुरुंग झाला आणि नचिकेतची शिक्षा स्थगित झाली, हे आईकडून कळलं. व्हिसा रद्द होऊन तो मिरजेला आईकडे परतला, हेही तिनेच सांगितलं. मी त्याला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही.

रविवारी गटात ही हकिकत सांगितली. का सांगितली माहीत नाही. डेल म्हणाला, तुझ्या भावाने काही चूक केली नाही, अशा कामात एखादा निरपराध सापडतोच. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, तो मुलगा ट्रेन पकडायला पळत होता. मास्तर म्हणाले, हो, पण तुमच्या पोरांना ते कसं कळणार? मी पुन्हा म्हटलं, तो ट्रेन, ट्रेन असं सांगत होता. मग विषय बदलला. कोणीतरी कॉफी आणली. त्यानंतर मी गेलेलो नाही. डेलशी मात्र बोलणं तोडलेलं नाही, ते मला जमणार नाही.

माझं मत बदललं असं लिहिलं तर खोटं होईल. बंदूक घरात आहे. पद्मा विचारते, काढून टाकणार का. मी नाही म्हणतो, पण पूर्वीसारखं ठासून म्हणवत नाही. ती अजून दुसऱ्या खोलीत झोपते.

तू कोर्टात होतीस. त्या मुलाबद्दल काही माहीत असेल तर कळव. एवढंच मागतो.

तुझा,
दादा


वेरिबी
२० मार्च २०१०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. डॅनियल आला नव्हता, त्याची आई आली होती. ती म्हणाली, त्या संध्याकाळी तिने त्याला फोन करून सांगितलं होतं, ही ट्रेन चुकवू नकोस, मी पुढच्या स्टेशनवर गाडी घेऊन उभी आहे. ट्रेन आली, दारं उघडली, बंद झाली. तो उतरला नाही म्हणून ती फोन लावत राहिली. नचिकेतकडे तिने पाहिलंच नाही. त्याने मान वर केली होती, ती पाहील म्हणून. तिने एकदा पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. डोळा गेला तो गेलाच.

नचिकेत मिरजेत एका केटररकडे लागलाय. आई म्हणते, काम चोख करतो आणि जेवताना कोणाशी बोलत नाही. तुझी पत्रं त्याने उघडलेली आहेत, एवढं ती सांगते. घाई करू नकोस.

आता तू विचारलंस ते. आमच्या सुपरमार्केटमध्ये काउंटरवर एक नवा मुलगा लागलाय. छातीवरच्या बिल्ल्यावर डॅनियल लिहिलंय. पहिल्या दिवशी मी नावाकडे लक्ष दिलं नाही. मग बाहेर पडले तर कार पार्कमध्ये कोर्टातली ती आई गाडीत बसून काचेतून आत बघत होती, आणि माझ्या हातातल्या पिशव्या जड झाल्या.

त्याच्या डाव्या बाजूला ठेवलेली वस्तू त्याला दिसत नाही. ती उचलायला तो अख्खी मान वळवतो. लोकांना वाटतं, सावकाश आहे. मागच्या आठवड्यात माझ्या मागचा माणूस जोरात उसासे टाकत होता. मी त्याला काही बोलू शकले नाही. मी काय म्हणून बोलणार?

मी कोण हे त्याला माहीत नाही. दर वेळी विचारतो, दिवस कसा गेला, आणि मी छान म्हणते. सगळं सामान मी त्याच्या उजव्या बाजूला ठेवते. काल त्याने ते ओळखलं. थँक्स म्हणाला, आणि म्हणाला की एवढं कोणी करत नाही.

दादा, मी घरी येऊन सामान न लावता तशीच बसून राहिले. दुसरं दुकान जवळ आहे, पण मी तिथेच जाते.

वहिनीला नमस्कार. तुमची दोघांची ख्यालीखुशाली कळत राहो.

तुझी,
सुनेत्रा