सेवेत धरलेले सात महिने

बाबा, आज निवृत्तीचे कागद आले. ते किचनच्या टेबलावर पसरून बसले आहे. बाहेर एडमंटनचा बर्फ साचलाय आणि ड्राइव्हवे शोव्हल करायचा तसाच राहिलाय. एअरलाइनमध्ये वैमानिक म्हणून काढलेला महिना न् महिना या कागदांत आहे. हवाई दलाच्या राखीव तुकडीत कामाला जायला घेतलेली ती सात महिन्यांची रजासुद्धा पेन्शनसाठी सेवेत धरली आहे. हे श्रेय तुमचं.

कुठलाही फॉर्म तुम्ही आधी पेन्सिलीने भरायचात, मग शाईने. हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालात तरी ती सवय गेली नाही. परतल्यावर वेळेत अर्ज केला नाही तर रजेचे महिने वाया जातात, हे तुम्हीच नियम वाचून शोधून काढलंत. मी निघायच्या आधीच तो अर्ज पेन्सिलीने भरून माझ्या बॅगेत कोंबलात. विमान चालवणाऱ्या पोरीला साधा फॉर्म भरता येत नाही का, असं मी फणकाऱ्याने म्हणाले. तुम्ही हसलात आणि पेन्सिलीला टोक करत बसलात.

मी तिकडे असतानाच तुम्ही आजारी पडलात. फोनवर एवढंच म्हणालात, "जमलं तर येऊन जा गं."

"ड्यूटी अशी मध्येच सोडता येत नाही, बाबा."

तुम्हाला ते लगेच पटलं. उलट मलाच धीर दिलात, वर अर्जाची आठवण केलीत. मी परतले तेव्हा तुम्ही नव्हतात. तुमच्या अक्षरांवरून शाई फिरवून मी अर्ज पाठवला, तेव्हा पोटभर रडले.

त्याची प्रत आता समोर आहे. शाईच्या कडेने तुमची पेन्सिल अजून दिसते. एअरलाइनच्या लेखी ते सात महिने मी कामावरच होते. लेक डोकावून विचारते, "मॉम, यू ओके?" मी मान डोलावते.

हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगायचं आहे. तिकडे तुकडीत बर्फात हरवलेल्या माणसांना शोधायला आम्ही विमान न्यायचो. ते काम मला इतकं आवडायचं की एक दिवससुद्धा सोडवत नव्हतं. सुट्टी देणारे साहेब दोन खोल्या पलीकडे बसायचे, भले होते, नाही म्हणाले नसते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.