बेडूक मीच असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य संग्रहपाल,
ध्वनी संग्रहालय, दुसरा मजला.

विषय : ‘पाणथळ’ ही रेकॉर्ड निसर्ग विभागातून संगीत विभागात हलवून कर्त्याच्या रकान्यात ‘दोघी जावा’ असे छापण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ज्यात ‘निसर्गाला कर्ता नसतो’ असे कळवले आहे.

साहेब,

आधीच ठणकावून सांगते, खालचं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी कवळी गळून पडो, आणि ती नवी आहे.

१. ही रेकॉर्ड मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी केली. सिनेमावाल्यांना, रेडिओवाल्यांना लागेल तेव्हा उचलता यावं म्हणून असं संगीत आधीच करून ठेवत, तयार कपड्यांसारखं. कंपनीने ‘तळ्याकाठचं काहीतरी’ मागवलं होतं. तळं आम्ही दोघींनीही पाहिलेलं नव्हतं.

२. म्हणून तळं घरातच केलं. पाऊस म्हणजे पत्र्याच्या ताटात वाटाणे. रातकिडे म्हणजे कंगवा. पंखांची फडफड म्हणजे सासऱ्यांची छत्री, जी त्यातच मोडली आणि अजून त्यांना सांगितलेलं नाही. आता सांगायची सोयही राहिली नाही. धुकं म्हणजे जाऊबाईंचा पियानो, टेप उलटी फिरवून. शेवटच्या तुकड्यातला पक्षी ही जाऊबाईंची शिट्टी. बेडूक मी, ओल्या अंगठ्याने फुगा चोळून. एक जरी नैसर्गिक आवाज असला तर रेकॉर्ड निसर्ग विभागात जाते, असा आपला नियम आहे. इथे एकही नाही.

३. तरी आपल्या तज्ज्ञांनी माझी नोंद ‘अज्ञात जातीचा प्रौढ नर, मादीला साद घालताना’ अशी केली आहे. त्या वेळी माझ्या पदरात दोन पोरं होती आणि साद मी फक्त दूधवाल्याला घालत होते. तज्ज्ञ गमबूट घालून घरी आले, तेव्हा मी त्यांच्यासमोर फुगा चोळला. ते म्हणाले, “आजी, नक्कल झकास करता, पण मूळ बेडकाची सर नाही.”

४. आवाज घुमावा म्हणून आम्ही न्हाणीघरात रेकॉर्डिंग केलं, हे मी भोळेपणाने सांगून बसले. लगेच आपल्या समितीने न्हाणीघराच्या दारावर ‘संरक्षित अधिवास, ढवळाढवळ करू नये’ अशी पाटी ठोकली. नळ गळतोय, पण ‘ओलावा आवश्यक’ म्हणून प्लंबरला हात लावू देत नाहीत. तीन आठवडे आम्ही दोघी म्हाताऱ्या शेजारच्या शिंपिणीकडे अंघोळीला जातो. ती म्हणते, “या, बेडूकताई!” समितीचे सदस्य मात्र आमच्या बादलीशेजारी स्टुलावर बसून वाट बघतात. मी त्यांना चहा देते. बेडूकच चहा देतोय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

५. हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण जाऊबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. वर्षभरात त्यांचे दोन्ही कान गेले. स्वतःची रेकॉर्ड त्या आता ऐकू शकत नाहीत. फक्त वाचू शकतात. आपली छापील सूची सोमवारी छापखान्यात जाते. त्यात ‘कर्ता : नाही’ असं त्यांनी वाचलं, तर चाळीस वर्षं त्या ज्याला आपलं म्हणत आल्या ते कुणाचंच नाही, असं होईल. एवढी एक ओळ बदला. नळाचं नंतर बघू.

उत्तराकडे कान लावून बसलेली (माझे शाबूत आहेत),

धाकटी जाऊ, ऊर्फ अज्ञात जातीचा प्रौढ नर
दिनांक : ११, गुरुवार

सोबत : १) रेकॉर्डचं मूळ वेष्टन, ‘वादन : दोघी जावा’ असं छापलेलं. २) फुगा. (फुगवून बघावा.)

ता. क. अर्ज टाकण्याआधी जाऊबाईंनी वाचला आणि कलम दोनमध्ये शिट्टीवर काट मारली. त्यांना शिट्टी कधीच वाजवता आली नाही. खिडकी उघडी राहिली होती, एक पक्षी येऊन गजावर बसला आणि गायला. त्यांनी मला टेप थांबवू दिली नव्हती. नियमाची आठवण करून द्यायला मी दगडी पाटीवर लिहून दाखवलं. तर म्हणाल्या, “अगं, त्याचं गाणं आपलं म्हणून छापायचं? मग आपल्यात आणि त्या साहेबात फरक काय?”

तेव्हा साहेब, ते अकरा सेकंद निसर्गाच्या नावावर करा. उरलेली अडतीस मिनिटं आमच्या.