ठिपका आणि तिरकी रेघ

प्रिय शहाण्या,

फोनवर मी आवाज चढवला की तुला लगेच माझं बीपी आठवतं आणि विषय बदलतो. म्हणून कागदावर चिडते आहे. आता निमूट वाच.

भरतकामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी ते फुकटचं लिनक्स तू माझ्या गळ्यात मारलंस आणि परदेशी निघून गेलास. लिनक्सला मी नाव ठेवत नाही, बिचारं चालतं नीट. पण गणवेशाच्या खिशांवर शाळेची चिन्हं भरायची तर नक्षी आखायचा प्रोग्राम लागतो, आणि तो बसवायचा कसा हे विचारलं की तू काय करायचास? तिकडूनच माझ्या कॉम्प्युटरात शिरायचास. माउसला माझा हात नाही आणि बाण आपला पडद्यावर पळतोय! काळी खिडकी उघडली, अक्षरं धावली, खिडकी मिटली, आणि झालं म्हणायचास. तुझं झालं रे, मला काय कळलं? लहानपणी तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधून दिल्या असत्या तर मलाही वेळेवर कामाला जाता आलं असतं. तू दारात बसून गाठी मारायचास, सोडायचास, भोकाड पसरायचास, आणि मी पिशवी खांद्याला लावून उभी. उशीर व्हायचा. मी होऊ द्यायचे.

आता त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. या वेळी मेले तरी तुला विचारायचं नाही, असं ठरवलं. पॅकेज, म्हणजे प्रोग्राम बसवायची फाइल, उतरवून घेतलं, त्यावर टिचक्या मारल्या, तर ते गाठोड्यासारखं उघडलं. मला वाटलं, असंच असतं. आतला एकेक नग बाहेर काढून पडद्यावर मांडून ठेवला. हस, हस. अर्थात काहीच चाललं नाही. मग तुझ्यासारखी काळी खिडकी उघडली, बसवायचा हुकूम आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं. तिनं पासवर्ड मागितला, मी लिहायला गेले तर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला म्हणून उलटा करून आपटला, पुसला, शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मागून आणला. तोही मुका! पासवर्ड तिथे दिसतच नसतो, तसाच लिहून एंटर मारायचा असतो, एवढं सांगायला तुझी जीभ झिजली असती?

पुढे कॉम्प्युटर म्हणे, असं पॅकेजच सापडत नाही. अरे, डाउनलोडच्या फोल्डरात डोळ्यांसमोर ढळढळीत पडलंय! डोकं फोडायची वेळ आली. शेवटी तो प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चेत प्रश्न टाकला, तर कुणा परक्या बाईनं उत्तर दिलं. नावाआधी ठिपका आणि तिरकी रेघ नाही दिली तर ते लांब इंटरनेटवरच्या कोठारात शोधत बसतं. त्या दोन खुणा म्हणजे, बाबा रे, फाइल इथेच आहे, याच फोल्डरात बघ. खुणा दिल्या, आणि त्यानं लागणारी बाकीच्या फाइलींची पिलावळही आपणहून बोलावून सगळं बसवलं. मी अशी ओरडले की झेरॉक्सवाला धावत आला. त्या बाईला माझ्यासाठी वेळ होता. तुला नव्हता.

आणि आता मुद्द्याचं. तुझ्या ताईनं मला सगळं सांगितलंय. आईला साधं एक पॅकेज बसवता येत नाही, ती एकटी दुकान काय चालवणार, असं म्हणून तू दुकानाला परस्पर गिऱ्हाईक शोधलंस, आणि तो माणूस येत्या रविवारी जागा बघायला येतोय. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. तुझ्या बाबांच्या मागे मी याच दुकानात माणसात आले, हे तुला ठाऊक नाही? त्या माणसाला तूच कळव, दुकान विकायचं नाही. नव्या प्रोग्रामवर पहिलं चिन्ह भरून झालं, दुसरं मशीनवर आहे. आणि लांबून माझ्या कॉम्प्युटरात शिरायची तुझी ती सोय मी काढून टाकली आहे. कशी काढायची तेही त्याच बाईला विचारलं. यापुढे यायचं असेल तर दारातून ये.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
आई