मक्याच्या ताटांची भट्टी कोणाच्या हाती

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, निवृत्त भाषाशिक्षक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत, असा डॉक्टरांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नीला. तिला विचारल्याशिवाय कोणी भिंतीत खिळाही ठोकू नये. मला ही परवानगी कधी मिळाली नाही.

२. बँकेतील ठेव मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. भांडायचेच असेल तर अंगणात भांडावे. दुपारी आईचा डोळा लागतो.

३. शाळेतील कवितांची जुनी पुस्तके मुलीला. आत मक्याची वाळलेली पाने आहेत, ती झटकू नयेत.

४. मेहुण्यांना एक रिकामी बाटली. एकोणीस वर्षे ते दर भेटीत विचारतात की दाजी, थोडी चाखू का. माझ्या भट्टीचा अर्क हे इंजिनाचे पेय आहे, हे त्यांना पटलेले नाही. बाटली नीट धुऊन द्यावी.

५. आता मागच्या शेडमधील भट्टी. मुलाला ती भंगारात देऊन तिथे गाडी लावायची आहे. पूर्वी कापणीनंतर शेतांत मक्याची ताटे जाळत. त्या धुराने माझा अख्खा वर्ग खोकत असे आणि कवितेची चाल मोडे. निवृत्त झाल्यावर ठरवले, या ताटांचे इंधन करायचे. ताटे कुटायची, वाफवायची, विरजण लावून आंबवायची, मग अर्क गाळायचा.

वाफेत घड्याळ दिसत नाही, म्हणून मी वेळ कवितेवर मोजतो. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता सात वेळा म्हटली की वाफ पुरे. तरी लगदा करपे. दोष मी ताटांना दिला, पावसाला दिला, भट्टी घडवणाऱ्या तांबटाला तर तोंडावर दिला.

यंदा मी तापाने पडलो आणि सूनबाईंनी भट्टी चालवली. त्या अर्कावर पाण्याचा पंप अख्खी सकाळ चालला. माझ्या अर्कावर तो चहा उकळेपर्यंतही टिकला नव्हता. कविता कोणती म्हटली, असे मी विचारले.

"कुठलीच नाही, बाबा. स्वयंपाकघरातला टायमर लावला. तुम्ही तिसऱ्या कडव्याला खिडकीबाहेर बघत बसता ना, तिथे करपतं."

एकवीस वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. मुलगा म्हणाला, सगळ्यांना माहीत होते.

सबब भट्टी, पिंपे, विरजण व शेड माझ्या पश्चात सूनबाईंच्या एकटीच्या मालकीची. मुलाने गाडी उन्हात लावावी.

दुरुस्ती : वरील कलम सूनबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "पश्चात कशाला? तोवर अजून किती पिंपं वाया घालवणार?" म्हणून कलम पाच आजपासूनच लागू. मी शेडमध्ये स्टुलावर बसावे, कविता हव्या तेवढ्या म्हणाव्यात, झाकणाला हात लावू नये, ही त्यांची अट मला मान्य आहे.

स्थळ : मागची शेड, स्टुलावरून
दिनांक : चार ऑक्टोबर, कापणीनंतरचा तिसरा आठवडा

(सही) मास्तर

साक्षीदार :
१. डॉक्टर (सही)
२. तांबट (सही. मास्तरांनी माझी माफी मागितल्यावर केली.)