दीपगृहवालीची पाळी

३ मार्च
आलो एकदाचा मुलाकडे, कायमचा! खोली झकास आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची गंमत बघत बसावं. पण चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केलेले हात, त्यांना रिकामं कसं बसवणार? नातीने तोडगा काढला. तिच्या कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. कुठकुठची माणसं एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं, ते पाळीपाळीने लिहितात. गोष्ट पुढे नेणारा तो सूत्रधार. दुपारसाठी त्यांना एक सूत्रधार हवाच होता. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही नाहीतरी दिवसभर गोष्टी सांगता, आता ऐकणारं कोणीतरी मिळेल. कार्टी मेली!

६ मार्च
खेळात मी नाव घेतलं ‘बाबा’. मुख्य सूत्रधार बाईंनी नियम कळवले. दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. पंधरा मिनिटांत कोणी लिहिलं नाही, तर त्याची पाळी ओलांडायची. आणि लिहिलं ते घडलं, खोडाखोड नाही.
माझा प्रसंग मीच रचला. वादळ येतंय, जुनं दीपगृह ढासळायला आलंय, आणि तिथली म्हातारी राखणदारीण किल्ली सोडायला तयार नाही. तिला खाली आणायला एक खलाशी आणि एक वैद्यीण गेलेत. वैद्यीण तोंडाची फटकळ, पण पोटात माया. दीपगृहवाली मात्र एकेक ओळ लिहायला पाच-पाच मिनिटं लावते. पण ओळ अशी, की पुन्हा वाचावी.

११ मार्च
आज चूक झाली. खलाशाने किल्ली मागितली आणि दीपगृहवाली गप्प झाली. पंधरा मिनिटं गेली. खलाशी लिहितो, आजीचा डोळा लागला वाटतं, तोवर आम्हीच बुडतो. पाळी ओलांडावी तर किल्लीशिवाय गोष्ट पुढे सरकत नव्हती. शिवाय म्हातारीला मागे टाकून जायचं जिवावर आलं. म्हणून तिच्या वतीने मीच लिहिलं : म्हातारीने हसून किल्ली दिली आणि ती पायऱ्या उतरू लागली.
सगळे खूश. थोड्या वेळाने तिची ओळ आली. मी विचार करत होते. मी नाही म्हणणार होते.
मी लगेच लिहिलं, राग धरू नका, सगळे खोळंबले होते. मुख्य बाईंनी मला चांगलं झापलं. बरोबरच आहे.

१४ मार्च
तिचं नाव यादीत दिवसभर दिसतं, पण ती काही लिहीत नाही.
जेवताना मुलाने विषय काढला. नातीला अभ्यासाला खोली हवी, आणि वडीलधाऱ्यांसाठी एक छान जागा त्याने बघून ठेवली आहे. बाग आहे, डॉक्टर आहे. सून ताटातच बघत होती. नात म्हणाली, मला नकोय खोली. तिला गप्प बसवलं. मी विचार करायला वेळ मागितला. विचार कसला? उत्तर तयार आहे : नाही. फक्त पोराचं मन न दुखावता कसं सांगावं, ते जुळवतोय.

१६ मार्च
आज दीपगृहवालीने लिहिलं : बाबा खिडकीशी बसून गुडघा चोळतो.
माझा हात गुडघ्यावरच होता! विचारलं, तुम्ही कुठून बघताय? उत्तर आलं : बाबा चहा पितो. सुनेने नुकताच कप ठेवला होता, वाफाळता. हात आपोआप उठला. जीभ पोळली, तरी रिकामा होईतो कप खाली ठेवता येईना.

१७ मार्च
वैद्यिणीला विचारलं. ती म्हणाली, अहो बाबा, कुठे काय लिहिलंय तिने? नातीलाही दाखवलं. तिने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१९ मार्च
मुलाने पुन्हा विचारलं. मी शब्द जुळवत होतो. फार वेळ गेला असेल. एकाएकी माझं तोंड हसलं आणि माझाच आवाज म्हणाला, तू ठरवशील ते.
पोराचे डोळे भरून आले. म्हणाला, बाबा, तुम्ही किती समजूतदार! सुनेने आग्रह करकरून वाढलं. हा मी नव्हतो, हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. या घरात मी इतका लाडका कधीच नव्हतो.
बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात म्हणतात. माझे आंबे दुसऱ्याच कोणी वाटून टाकले.
स्क्रीनवर ओळ होतीच : बाबा हसून म्हणतो, तू ठरवशील ते. खाली लिहिलं होतं : राग धरू नका. सगळे खोळंबले होते.

२१ मार्च
हात जोडले. माझी पाळी मला द्या म्हटलं. ती म्हणाली, पंधरा मिनिटं दिली होती की —
मुलाला खरं सांगायला गेलो. तोंडातून निघालं, कधी निघायचं?
बाबा आनंदात आहे. बाबा पेटी भरतो.
वरची ओळ मी लिहिलेली नाही. अक्षर माझं आहे. पेटी भरलेली आहे —

२२ मार्च
गाडी खाली आली. मुलगा पेटी घेऊन उतरला. नात दार अडवून उभी — रडतेय — म्हणते, आजोबा, तुम्हाला खरंच जायचंय? एकदा नाही म्हणा, मग मी बघते सगळ्यांकडे —
तोंड हसतंय. मान डोलतेय. हात अजून माझा — लिहून दाखवतो तिला — लवकर —
बाळा, हे वाच. मला जायचं ना
बाबा वही मिटतो. बाबा नातीच्या डोक्यावरून हात फिर