तेवीस क्रमांकाचा बिल्ला

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

सकाळी सातला कोल्हापुरात उतरलो आणि नवाच्या आत या शहराविषयी माझे मत अनुकूल झाले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडते. चिमणाबाईंच्या घरची वरची खोली स्वच्छ आहे, खिडकीतून जोतिबाचा डोंगर दिसतो, आणि दूध इतके सढळ असते की चहा निमित्तापुरता उरतो. माझी भाची अंतरा आधीच येऊन राहिली आहे. ती वास्तुरचनाकार. बंद पडलेल्या कारखान्यांत शिरून छायाचित्रे काढण्याचा तिला छंद आहे, आणि वय चौतीस असल्यामुळे तिला अडवण्याचा अधिकार कोणाला नाही. या खेपेस तिने शाहूवाडीच्या रस्त्यावरचे कोळशाचे वीजघर निवडले आहे. एका कापडगिरणीने ते स्वतःपुरते बांधले होते; गिरणी बुडाली आणि १९९१ पासून तेही बंद आहे. महिनाअखेरीस पाडणार आहेत. अंतरा चित्रे काढील, मी वर्णन लिहीन. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या निवृत्त माणसाला कोणी काम सांगितले, याचा आनंद मी लपवत नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वास्तू अपेक्षेहून भव्य आहे. बॉयलर चार मजले उंच. त्याच्या भट्टीत जायला एकच वाट: माणूस रांगत जाईल एवढे गोल तोंड. त्याच्या शेजारी भिंतीवर एक लोखंडी फळा आहे, त्यावर चाळीस खिळे.

पहारेकरी हंबीरराव पूर्वी याच बॉयलरवर कामाला होते. फळ्याची रीत त्यांनी सांगितली. भट्टी साफ करायला उतरणारा कामगार आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवी आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढून घेई. फळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी भट्टी पेटवायची नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. इतका निर्दोष नियम मी क्वचित पाहिला आहे.

बाकीचे बिल्ले भंगारात गेले. एक अजून लटकतो आहे, क्रमांक तेवीस.

"पावणं, सगळं बघा, फोटू काढा," हंबीरराव म्हणाले, "पर तेविसाला हात न्हाय लावायचा. त्यो हाय तवर भट्टी गप हाय."

तेहेतीस वर्षांत कोळशाचा खडा आला नाही, मग पेटणार काय, असे अंतराने हसून विचारले.

"बाई, तुमी शिकलेली माणसं," ते म्हणाले. "कोळसा लागतोय कुणाला?"

१३ फेब्रुवारी, मंगळवार

तेवीस क्रमांक आकाराम नावाच्या सफाई कामगाराचा. तो कामावरून पळून गेला, अशी गिरणीच्या दप्तरी नोंद. हंबीररावांच्या मते तो अजून आत आहे.

मी विचार केला. लटकणारा बिल्ला हे आत जिवंत माणूस असल्याचे चिन्ह. तेहेतीस वर्षे भट्टीत कोणी जिवंत राहू शकत नाही. म्हणून हे चिन्ह असत्य. आणि असत्य चिन्ह फळ्यावर ठेवणे हा त्या निर्दोष नियमाचाच अपमान. हंबीरराव चहाला गेले असता मी बिल्ला काढला. खिळा गंजलेला होता, तोही बरोबर तुटून आला. चाळिसांतला तोच शेवटचा धड खिळा होता, हे नंतर लक्षात आले. बाकीच्यांची केवळ बुडखी उरली आहेत.

हंबीररावांनी परत येऊन फळ्याकडे पाहिले आणि मला शिव्या दिल्या. त्या येथे लिहीत नाही. मग आवाज उतरला.

"मास्तर, त्या येळला बी असाच एक शाना होता. सायब म्हनला, आकाराम गेला घरी, काढ त्याचा बिल्ला, पेटीव. काढनारा हात ह्यो." त्यांनी उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. "सांच्याला मीच परत अडकीवला. त्याचा त्यानं काढावा म्हनून."

किल्ल्या माझ्या पायांशी टाकून ते निघून गेले. अपराधी मनाने रचलेली कथा, असा माझा निष्कर्ष. बिल्ला माझ्या खिशात आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वाजता बॉयलरची भिंत तळहाताला कोमट लागली. उन्हामुळे असेल, असे लिहिणार होतो. परंतु ती बाजू उत्तरेची आहे आणि तेथे ऊन पोचत नाही.

तीन वाजता धुराड्यातून बारीक धूर निघाला. धुरावरून अग्नीचे अनुमान हा पहिला धडा मी छत्तीस वर्षे शिकवला. भट्टीच्या तोंडातून विजेरीने पाहिले. आत अग्नी नाही. राख आहे, आणि ती ऊन आहे.

गावाने धूर पाहिला. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने आम्हाला चहा नाकारला, कारण सांगितले नाही. चिमणाबाईंनी वाळत घातलेली लुगडी काळी झालेली दाखवली आणि उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितले. "तुमच्या पायानं आलंय हे. घिऊन जावा."

अंतराला आजच निघू या म्हणालो. तिला भट्टीच्या आतले एक चित्र हवे आहे. ते एकच.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ११.२०. वीजघर.

आत जाऊ नकोस, असे मी तिला स्पष्ट सांगितले. तिने माझाच परवाचा युक्तिवाद मला ऐकवला, एकही पायरी न चुकता. मामा, यातले कोणते विधान आता तुम्हाला खोटे वाटते, असे विचारले. ती रांगत आत गेली.

११.३५

तिचा आवाज येतो, परंतु वरून. भट्टीला वर जायला वाट नाही.

भिंतीमागे घरघर. हवा भट्टीच्या तोंडातून आत ओढली जाते आहे. माझ्या हातातला कागद त्या दिशेने वाकतो. येथे वीज नाही, पंखा कोण—

११.४०

ती ओरडते आहे. तळ तापतो आहे, विजेरी पडली, तोंड सापडत नाही.

बिल्ला काढला. खिळा नाही. अंगठ्याने फळ्यावर दाबून धरला.

घरघर थांबली.

११.५०

डाव्या अंगठ्याखाली बिल्ला, उजव्या हातात लेखणी, वही गुडघ्यावर. लिहितो, कारण लिहिताना विचार सरळ राहतो.

बिल्ला आणि घरघर यांचा संबंध योगायोगाचा असू शकतो, म्हणून अंगठा तीन आकडे मोजून उचलला. एकदाच. आतून उजेड आला, आणि तिची किंकाळी.

पुन्हा उचलणार नाही.

१२.०५

ती जिवंत आहे. रडत सरकते आहे. माझ्या आवाजाच्या रोखाने ये, असे सांगत राहिलो. घसा बसला.

हंबीररावांना फोन लावला. वहीवर ठेवून बोललो. ते येणार नाहीत. एवढेच म्हणाले, "धरलाय न्हवं? बरं. पर कुनाचा धरलायसा, मास्तर?" आणि फोन ठेवला.

१२.१५

बिल्ला गरम आहे. अंगठ्याचे कातडे—

सोडणार नाही.

आत दोन आवाज. एक तिचा, दूर, खोकल्याचा. दुसरा जवळ. राखेतून कोणी गुडघ्यांवर येते आहे. सावकाश. वाट माहीत असल्यासारखे.

अंतरा, म्हणून हाक मारली. उत्तर दुरून आले.

१२.२०

भट्टीच्या तोंडातून एक हात बाहेर आला आहे. तिचा नव्हे.

हिसकावत नाही. तळवा वर करून मागतो आहे.

बिल्ला त्याचा. त्याने काढायचा. मीच त्या नियमाला निर्दोष— प्रतिवाद सुचत नाही, एकही—

ती अजून आत आहे. मी म्हटले, थांबा, तिला येऊ द्या, दहा मिनिटे, मग आपलाच—

तो म्हणतो आहे की त्याच्या येळला कुनी थां