येते म्हणावं

चैत्र शुद्ध ५
तर सगळ्यांत आधी टपकली माझी जाऊ सत्यवती. हळदीकुंकू संध्याकाळचं, ही दुपारीच. आम्ही उमरेडचे मागावरचे विणकर, आणि माझ्या मुकुंदानं सिव्हिल लाइनीत गोऱ्या साहेबाचा बंगला घेतला, मग जळायला नको? दाखवला सगळा. राणीच्या राज्यातला, पण बांधणाऱ्याला अक्कल म्हणून नाही. जिथं वैशाखात चिमण्या भाजून पडतात, तिथं बैठकीच्या भिंतीत शेकोटी, वर धुराडं. छत इतकं उंच की जाळं काढायला शिडीला शिडी बांधा. पंख्याच्या दोरीसाठी भिंतीला भोक, ओढणारा गडी बाहेर उन्हात. देवाला मात्र साधा कोनाडा नाही. म्हणून चैत्रगौर मी शेकोटीतच मांडली. जिरली साहेबाची.

चैत्र शुद्ध ६
काल लिहायचं राहिलं. बायका पांगल्यावर एक मडम आली. स्वराज्य आलं, सगळे गेले, ही राहिली असेल कुठं. झगा जाळीचा, पार विरलेला. आमच्याकडे असलं कापड पोतेऱ्यालाही घेत नाहीत. तरी पाहुणी ती. कुंकू लावलं, पन्हं दिलं. लेकरं किती विचारलं, तर शेकोटीकडे बघत बसली. कीव आली. भिजल्या हरभऱ्यानं ओटी भरली, लेकुरवाळी हो म्हटलं. उठली तर म्हणते, "हम जाता है." काय ही रीत. मी म्हटलं, "जाते म्हणू नये वं बाई, येते म्हणावं. अखजीले ये, नातू मांडीवर देईन तुह्या." म्हणवूनच घेतलं तिच्याकडून.

चैत्र वद्य ४
गौरीमागच्या राखेत हरभरे सापडले, मोड आलेले. पन्हंही तिथंच सांडलेलं. गोऱ्यांना अन्नाची किंमत नाही. वसंत, माझा नातू, पाळण्यातून त्या धुराड्याकडे बघून दिवसभर खिदळतो. अजून 'आई' म्हणत नाही, पण हसणं ऐकावं.

वैशाख शुद्ध १
पंखा कधीच काढलाय, तरी वसंताला वारा लागतो. जावळ हलतं. भोकातून दोरी लोंबते आहे. कोणी ओवली? पुष्पलता, माझी सून, म्हणते त्या दिवशी मडम आलीच नाही, मी रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. आजकालच्या सुना.

वैशाख शुद्ध २
नत्थूजी माळ्याचा बाप साहेबाकडे होता. तो सांगायचा म्हणे, मडमेची तीन लेकरं इथं उन्हाळ्यात गेली, मागून ती. मेल्यावरही दारात दिसायची. साहेबानं हात जोडून जा म्हटलं, तेव्हा गेली. नत्थूजीनं विचारलं, "आजी, तिले परत ये कोणी म्हटलं?"
मी वसंताला उचलून घेतलं.
उद्या अखजी, अक्षय्य तृतीया. पितर जेवायला येतात तो दिवस. मला कसं सुचलं नाही — सकाळच्या मोटारीनं वसंताला घेऊन उमरेड —

वैशाख शुद्ध ३
पुष्पलता म्हणाली, पितरांचं पान वाढल्याशिवाय निघू नये. थांबले. वाढलं.
दारात उभी आहे. लेकुरवाळी झाली. तिघं — झग्याला धरून —
जा म्हणायचं आहे. पाहुण्याला जा म्हणायला जीभ —
आत आली. मांडी घालून बसली.
पाळणा हलका —
निघाली. शिकवलेलं विसरली नाही. लेकरंही म्हणाली, येतो, पुढच्या अखजीले येतो. एक आवाज त्या तिघांतला नव्हता. आमच्या वसंताला तर अजून बोलता —